संथ भागातला खोकला

म्हाताऱ्याने संथ भाग सुरू केला आणि तिचा नवरा खोकला. म्हातारा जाऊन वर्ष होत आलं होतं आणि नवरा त्या वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला होता, म्हणजे दोघांपैकी खोलीत कुणीच नव्हतं. दोघेही तिच्या हेडफोनमध्ये होते. तिने डोळे उघडले. सुट्टीची दुपार, ओढलेला पडदा, समोर गार होत चाललेला चहा, सगळं जागच्या जागी होतं. तिने मागे नेऊन पुन्हा लावलं. पियानोचे ते सुटे सुटे, अंधारात पायरी चाचपत उतरल्यासारखे सूर, आणि मग डाव्या कानाकडून खोकला: दोन मोकळे, आणि तिसरा अर्ध्यावर गिळलेला, जणू दार लावता लावता कुणाचं बोट मध्ये आलंय. असा खोकणारा जगात एकच माणूस होता आणि त्याच्या शेजारी तिने निम्मं आयुष्य झोपून काढलं होतं. खोकल्यामागून कागदाची चुरचुर, मग पुरुषी कुजबुज, शब्द न लागणारी, आणि मग (इथे तिचा हात आपोआप आवाज वाढवायला गेला) एका बाईचं हसू. दाबलेलं, तरी नाकातून निसटलेलं, एवढंसं. त्या बाईला हसायचं नव्हतं हे उघड होतं, आणि तिला फार मजा आली होती हेही. नुकत्याच भेट आलेल्या त्या सीडीच्या वेष्टनावर ठसठशीत छापलं होतं, ‘दुसरी संध्याकाळ’. दुसऱ्या संध्याकाळी नवरा तिथे नव्हता. निदान आजवर तरी नव्हता.

तिला स्वतःला एक सूर वाजवता येत नव्हता. शिकवणारंही कुणी भेटलं नव्हतं. लहानपणी स्वयंपाकघरातल्या फळीवर एक रेडिओ होता, त्याचं बटण तुटलेलं म्हणून एकच स्टेशन लागायचं, आणि त्या स्टेशनवाल्याच्या मनात असेल ते ऐकत ऐकत तिचे कान तयार झाले. पुढे कमवायला लागल्यावर ती कार्यक्रमांना जाऊ लागली, मिळेल त्या खुर्चीत, कधी खांबाआड. एकदा बस पकडताना सँडलचा पट्टा तुटला तेव्हा ती अनवाणीच सभागृहात शिरली होती, आणि त्या दिवशी खर्जातले सूर लाकडी जमिनीतून थेट तिच्या तळव्यांत चढले होते; त्यानंतर बरेच दिवस ती दिवे मालवले की हळूच पाय सँडलमधून काढून बसायची. घरी ऐकायचे तिचे नियम होते. पडदा ओढायचा, फोन खणात, पाठ दाराकडे, आणि एक कप चहा, जो ती कधीच प्यायची नाही, नुसता असावा लागायचा. ऐकायचं तेही भर कार्यक्रमात ध्वनिमुद्रण केलेलंच. स्टुडिओतलं वाजवणं तिला इस्त्रीच्या कपड्यासारखं वाटे. त्यात माणूस नसे. उलट कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणात खुर्च्या करकरत, कुणाच्या हातून काहीतरी पडे, थंडीतल्या कार्यक्रमात सगळं सभागृह छातीतून घरघरे. ते सगळे खोकले तिला पाठ होते. अमुक एका कार्यक्रमात कुणीतरी टाळ्यांची घाई करतो आणि एकटाच पडतो, त्या बिचाऱ्याची तिला दर वेळी आधीपासून काळजी वाटायची. सासूबाई हयात होत्या तेव्हा म्हणायच्या, हिच्या कानात देव बसलाय, पण मारलेली हाक काही ऐकू जात नाही.

म्हातारा म्हणजे तिचा पियानोवाला. नाव सगळ्या जगाला ठाऊक होतं, पण त्याच्या भक्तांत त्याला म्हाताराच म्हणत, तो पन्नाशीत होता तेव्हापासून. तो या शहरात एकदाच आला, लागोपाठ दोन संध्याकाळी तोच कार्यक्रम वाजवून गेला. तिने दोन्ही संध्याकाळची दोघांची तिकिटं काढली होती. नव्या नव्या संसारातला नवरा ‘तेच तर वाजवणार ना परत’ असं एकदाच म्हणाला आणि पुन्हा म्हणाला नाही. पहिल्या संध्याकाळी ती गेली. दुसऱ्या दिवशी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन अचानक अलीकडे ओढलं गेलं आणि ती संध्याकाळ तिने इस्पितळाच्या गॅलरीत, आईच्या डोळ्यावरच्या पट्टीशी बोलत काढली. नवऱ्याला तिने बजावून सांगितलं होतं, तू जा, एक तिकीट तरी सत्कारणी लागू दे. रात्री घरी आली तर तो पायजम्यात बसून पंख्याचं रेग्युलेटर दुरुस्त करत होता. “तू नाहीस तर मी कशाला जाऊ?” असं म्हणून त्याने तोंडातला स्क्रू हातात घेतला. बस्स. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या माणसाने याहून गोड वाक्य उच्चारलं नव्हतं, आणि तिने मागितलंही नव्हतं. त्या एका वाक्यावर तिने कितीतरी विसरलेले वाढदिवस, न बोलता केलेले प्रवास आणि तेलकट बनियनं निभावून नेली होती. आणि आता म्हाताऱ्याच्या संथ भागात, सगळ्या जगाने विकत घ्यावं असं, तेच वाक्य खोकत होतं.

आपलं चुकत असेल, तिने स्वतःला बजावलं. खोकला काय, बोटाचा ठसा थोडाच आहे. पण कान हे तिचं पोटापाण्याचं साधन होतं. इस्पितळातले डॉक्टर रोग्यांचे अहवाल यंत्रात बोलून ठेवत आणि ती ते ऐकून टाइप करी. पायाखाली पेडल असायचं, दाबलं की बोलणं मागे जायचं. कुठला डॉक्टर वाईट बातमीआधी नाक ओढतो, कुठला खात्री नसली की घाईने बोलतो, हे तिला डॉक्टरांच्या बायकांहून जास्त कळे. त्या आठवड्यात ती टाइप करताना पुन्हा पुन्हा पेडल दाबत राहिली आणि घरी जेवताना टेबलाखालीही तिचा पाय दाबला जाई: नवरा काही बोलला की मागे, पुन्हा, काय म्हणाला, कसं म्हणाला. एकदा छातीचे डॉक्टर अहवाल न्यायला आले तेव्हा तिने अगदी सहज विचारलं, की माणसाचा खोकला वीस-पंचवीस वर्षांत बदलतो का. डॉक्टरांनी विचारलं, कुणाचा. ती म्हणाली, ओळखीतले आहेत एक. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, तपासायला घेऊन या. ती म्हणाली, तपास मीच करतेय.

संशयाला औषध नाही म्हणतात, पण त्याला खुराक मात्र हवा तेवढा मिळतो. नवरा लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीत होता, आणि त्याच्या उशिराचं कारण कायम एकच असे, लिफ्ट अडकली. आजवर हे कारण तिने कानामागे टाकलं होतं. आता तिने त्या सगळ्या अडकलेल्या लिफ्ट एकेक करून उघडायला घेतल्या. या शहरात इतक्या लिफ्ट अडकत असतील तर लोक घरी पोचतात तरी कसे? एकदा तो केसांना कसलासा वास घेऊन आला होता. म्हणाला होता, आत एक बाई अडकली होती, घाबरून रडत होती, तिला धरून बाहेर काढली. तेव्हा तिने त्याला चहा करून दिला होता, आणि वर कौतुकाने बहिणीला फोनवर सांगितलंही होतं. आता ती बाई रडत नव्हती. नाकातून निसटेल असं हसत होती. ती दिसायला कशी असेल हे तिला ठरवता येईना, पण तिच्या हसण्यावरून एवढं नक्की कळत होतं की ती तरुण आहे, की तिला शेजारच्या माणसाचा राग येत नाही, आणि त्याने पुढचं काही बोलावं म्हणून ती वाट बघतेय. सगळ्यांत लागलं ते हेच. असला बोलका नवरा तिच्या वाट्याला कधी आला होता? कार्यक्रमात तर तो तिच्या शेजारी पोत्यासारखा बसायचा, मध्यंतरानंतर डोळे मिटायचा. पहिल्या संध्याकाळची हकिगत तिने लोकांना इतक्या वेळा सांगितली होती की ती गुळगुळीत झाली होती: दिवे कसे मंदावले, म्हातारा मान खाली घालून कसा आला, संथ भागात तिच्या हातांवर काटा कसा आला. त्या हकिगतीत नवरा नव्हताच. होता, पण खुर्चीसारखा होता.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे संगीत गेलं. संथ भाग लागला की ती सुरांवरून घाईघाईने पुढे जाई, नको असलेल्या पाहुण्यांना ओलांडून आतल्या खोलीत जावं तशी, आणि खोकल्यापाशी जाऊन दबा धरून बसे. म्हातारा बिचारा एकटाच वाजवत राही. एका संध्याकाळी तिच्या ध्यानात आलं की आज आपण चहादेखील केला नाही. आता हे असंच चालू ठेवलं तर नवरा हातचा जाईल न जाईल, म्हातारा नक्की जाईल. त्याच संध्याकाळी नवरा कामावरून आला, हात कोपरापर्यंत धुतले, आणि भाजी निवडायला बसला तेव्हा तिने हेडफोन आणून त्याच्यासमोर टेबलावर ठेवले. ऐक म्हणाली. तो म्हणाला, मला काय कळतंय त्यातलं. ती म्हणाली, यातलं तुला माझ्याहून जास्त कळेल.

त्याने ओले हात पुसले आणि हेडफोन असे चढवले जसं काही ते कुणी तुटके म्हणून दुरुस्तीला दिले आहेत. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली. आजवर चेहरे वाचायलाही शिकायला हवं होतं असं तिला वाटलं. तिला नुसते आवाजच वाचता येत होते आणि हा माणूस आवाज न करता ऐकत होता. मग त्याच्या भुवया वर गेल्या. खोकला आला असणार. मग त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला, आणि तो चक्क हसला, भाजीच्या काड्यांकडे बघत, एकटाच. इतक्या वर्षांनी, तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या हेडफोनमध्ये तो त्या बाईला भेटत होता आणि खूश होत होता.

“कोण आहे ती?” तिने विचारलं.

त्याला ऐकू आलं नाही. त्याने हेडफोन एका कानावरून सरकवले. तिने पुन्हा विचारलं, आणि दुसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज तिला वाटला होता तेवढा ताठ राहिला नाही.

“कोण म्हणजे?” तो म्हणाला. “तू आहेस.”

“मी?”

“मग कोण? मी तेलाचं बोललो तेव्हा हसलीस ना. म्हाताऱ्याचं स्टूल करकरत होतं. मी म्हटलं, डबी आहे खिशात, जाऊन तेल घालून येऊ का.” तो परत एकटाच हसला. “गोळीपण तूच दिलीस खोकल्याची. दिलीस म्हणजे काय, सोडवत बसलीस तासभर.”

तिने सीडीचं वेष्टन त्याच्यासमोर आपटलं. दुसरी संध्याकाळ, तिने बोट ठेवून वाचून दाखवलं. आणि दुसऱ्या संध्याकाळी मी आईपाशी होते आणि तू घरी पंखा दुरुस्त करत होतास, का नव्हतास? त्याने वेष्टन हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि खांदे उडवले. “ते मला माहीत नाही. हसू तुझं आहे.” एवढंच बोलून त्याने भाजी पुढे ओढली. तिला वाटलं, वा, काय पण उत्तर. चोर तो चोर आणि वर घरमालकिणीलाच म्हणतो, तूच नेलंस. स्टूल काय, तेलाची डबी काय. या माणसाला एवढं रचता येत होतं तर आजवर लिफ्टच का अडकवत बसला? आणि आपलं हसू आपल्याला ओळखू येणार नाही? म्हाताऱ्याच्या भक्तांतले टाळ्यांची घाई करणारेसुद्धा आपल्याला ओळखू येतात. ती आतल्या खोलीत गेली, दार लोटलं, आणि आरशासमोर न जाता, नुसती पलंगावर बसून, हळूच हसून पाहिलं. जो आवाज आला तो रिकाम्या डब्यातून चमचा काढल्यासारखा होता. बघ, ती स्वतःला म्हणाली, मी नव्हेच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने बाल्कनीला फोन लावला. बाल्कनी ही तिची कार्यक्रमांतली जुनी मैत्रीण. जन्मभर स्वस्तातल्या वरच्या बाकांवर बसली म्हणून तिला सगळे बाल्कनी म्हणत, आणि तीही त्याला ओ देई. ही सीडी तिनेच तर भेट पाठवली होती. दुसऱ्या संध्याकाळी बाल्कनी तिथे होती, पण तिच्याकडून त्या संध्याकाळचं एक अक्षर आजवर ऐकलेलं नव्हतं, कारण इस्पितळातून आल्यावर हिने तिला शपथ घातली होती की तू जे ऐकलंस त्याबद्दल माझ्यासमोर ब्र काढायचा नाही. मत्सर होता तो, दुसरं काय. असली शपथ भक्तच घालू जाणे आणि भक्तच पाळू जाणे. आज तिने ती सोडवली. अगदी आडून आडून विचारलं, की त्या दिवशी खाली कोण कोण होतं, कुणी ओळखीचं दिसलं का.

“अगं, वरून मला टकलं दिसतात, माणसं नाही,” बाल्कनी म्हणाली. मग शपथ सुटल्याच्या आनंदात ती जी सुटली ती थांबेना. काय ती संध्याकाळ आणि काय तो म्हातारा. आदल्या दिवशी स्टुलाने वैताग आणला होता ना, म्हणून त्या दिवशी दुसरं स्टूल मागवलेलं, काही आवाज म्हणून नाही. आणि संथ भाग, तो तर तुला सांगते, निम्मा झाला आणि बाहेरून आगीच्या बंबाची गाडी गेली, भोंगा वाजवत, थेट रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोकांनी कपाळाला हात लावले. म्हाताऱ्याने मान नाही वर केली.

“सीडीत भोंगा नाही,” ती म्हणाली.

“नसणारच. काढला असेल त्यांनी. आदल्या दिवशीचा संथ भाग घेऊन बसवला असेल तिथे, करतात गं असं, आपल्याला कोण सांगायला येतंय.” पलीकडे बाल्कनी काहीतरी चावत होती. “का गं? तुला एवढ्या वर्षांनी टकल्यांची चौकशी कशाला?”

तिने फोन ठेवला. दुपारभर ती अहवाल टाइप करत राहिली पण एकदाही पेडल दाबलं नाही. कुणाच्या तरी फुप्फुसाबद्दल ती काय लिहून बसली देव जाणे. घरी आल्यावर तिने पडदा ओढला नाही. फोन खणात ठेवला नाही. हेडफोन न लावता, खोलीतल्या मोठ्या स्पीकरवर तिने ती सीडी लावली आणि सुरुवातीपासून ऐकत गेली, खोकल्याकडे न धावता. पहिला भाग, जलद. आवाज फक्त पियानोचा. मग संथ भाग, आणि तिसऱ्या-चौथ्या सुरालाच, इतकं उघड की तिला लाज वाटली, स्टूल करकरलं. परत करकरलं. म्हातारा पुढे झुकला की एकदा, मागे आला की एकदा, लिफ्टच्या तेल न घातलेल्या दारासारखं. इतके दिवस ती या दाराशेजारूनच आत जात होती आणि तिने ते ऐकलं नव्हतं. तिला खोकला ऐकायचा होता ना.

मग पहिली संध्याकाळ तिला आठवू लागली, तिच्या हकिगतीतली नव्हे तर दुसरी, कधीच न सांगितलेली. त्याच्या नाकाचा शेंडा लाल होता. सर्दीच्या दिवसांत तो तिच्यासाठी नवाकोरा शर्ट घालून आला होता आणि कॉलर त्याला टोचत होती. त्याने खोकला इतका दाबला की डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने पर्समधून गोळी काढली, आणि सावकाश सोडवली तर कागद वाजत नाही अशी तिची समजूत होती. आणि मग तो तिच्या कानाशी वाकला. तेलाची डबी. हे सगळं तिने काढून टाकलं होतं, भोंगा काढतात तसं, आणि तिथे हातावरचा काटा बसवला होता.

तिला हायसं वाटायला हवं होतं. ते वाक्य परत मिळालं होतं, तू नाहीस तर मी कशाला जाऊ, अगदी जसंच्या तसं. पण संशयाला एकदा घरात घेतलं की तो कुणाच्या तरी खोलीत राहतोच. नवऱ्याच्या खोलीतून निघाला आणि तिच्याच दारात येऊन बसला. या माणसाने ते हसू एका क्षणात ओळखलं होतं. म्हणजे त्याला ते पाठ होतं. म्हणजे ते कधी यायचं थांबलं तेही त्याला कळलं असणार, आणि तरी तो काही बोलला नाही. दाराकडे पाठ केलेल्या तिच्या खुर्चीकडे जाता येता बघत राहिला, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी बाहेरून बोलावं तसं कधी काही बोलला असेल, आणि तिने हेडफोन लावलेले असतील. इतकी वर्षं या घरात नक्की कोण ऐकत होतं?

लॅचचा आवाज झाला. तो आत आला, दारातच थबकला. खोलीत उजेड होता आणि म्हातारा उघड्यावर वाजत होता, असं या घरात कधी झालं नव्हतं. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण खुर्ची थोडी वळवली. स्टूल करकरलं.

“अजून तेल नाही घातलं,” तो म्हणाला.

आता खोकला येणार होता. आला: दोन मोकळे, तिसरा गिळलेला. मग चुरचुर, मग कुजबुज, आणि मग ती बाई हसली, तरुण, निर्धास्त, शेजारच्या माणसाने पुढे काही बोलावं म्हणून वाट बघणारी. खोलीत मात्र कुणीच हसलं नाही. तिने प्रयत्न केला असता, पण रिकाम्या डब्याचा आवाज त्याला ऐकवावासा तिला वाटला नाही. म्हातारा पुढे गेला, पायरीपायरीने, खाली. नवरा चपला न काढता भिंतीला टेकून उभा राहिला. आणि मग, सर्दी नाही, पडसं नाही, घसा ठणठणीत असताना, तो खोकला. दोन मोकळे. तिसरा अर्ध्यावर गिळलेला.

तिने पर्स जवळ ओढली. तळाशी, किल्ल्यांखाली, कधीची कोण जाणे, एक गोळी होती, कागदाला चिकटलेली. ती सोडवू लागली, सावकाश, म्हणजे आवाज होणार नाही.